स्वयंपाकघरातला हॅल

माननीय बाई,

मी फोंड्याला राहतो, नोकरी पणजीत. वय ४६. गॅजेटांचं वेड आहे हे आधीच कबूल करून टाकतो. आज घरात तीन फोन, दोन स्मार्टवॉच, एक टॅबलेट, एक व्हीआर हेडसेट, एक ड्रोन, दोन ब्लूटूथ स्पीकर, एक ई-रीडर, एक झाडू मारणारा रोबो आणि एक लॅपटॉप आहे. ड्रोन तीनदा उडवला. तिसऱ्यांदा मेहुण्याच्या कुळागरात पोफळीवर अडकला, तेव्हापासून कपाटात आहे. हेडसेटही वर्षभर खोक्यातच आहे.

रात्री जेवणं झाली की लॅपटॉपवर एक विज्ञानपट लावतो. '२००१: अ स्पेस ओडिसी' पाच वेळा पाहिला, 'स्टार वॉर्स' किती वेळा ते मोजलेलं नाही. गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवाला दरवर्षी रजा टाकतो. या पटांत दाखवलेलं एकेक खरं होत चाललंय, तेव्हा आपण मागे राहता कामा नये, असं माझं मत.

घर मी 'स्मार्ट' केलंय. दिवे-पंखे फोनवर चालतात. स्वयंपाकघरात सेन्सर आहे, माणूस आत आला की दिवा आपोआप लागतो. नारळ खोवताना दिवा जातो अशी मिसेसची तक्रार असते. होईल सवय.

आता मुद्दा. लॅपटॉप २०१६चा. विंडोज ११ यावर चालणार नाही असा निरोप सारखा येतो. गणेशचवथीच्या ऑफरमध्ये एआय लॅपटॉप घ्यायचं मनात आहे, लाखाच्या वर जातो. सोबत घडीचा फोनही एक्स्चेंजवर मिळतोय. मिसेस म्हणते, हे वेड नव्हे, व्यसन आहे, आणि घराचं गोदाम झालंय. मुलगी दहावीत आहे. परवा तिनं विचारलं, "बाबा, लॅपटॉपच्या आत नेमकं काय असतं?" मी म्हटलं, गूगल कर. त्या रात्री मात्र झोप लागली नाही.

लॅपटॉप घेऊ, फोन घेऊ, की दोन्ही? की खरंच हे व्यसन?

— गॅजेटवेडा, फोंडा

*

गॅजेटवेडे,

तुमच्या पत्रात तेरा यंत्रं आली. मूळ पत्रात त्यांचे मॉडेल नंबरही होते, ते मी जागेसाठी गाळले. बायकोचं नाव मात्र एकदाही आलं नाही, ती आपली 'मिसेस'. असो. मी तीस वर्षं पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, तेव्हा तुमच्यासारखी मंडळी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांतली एक रोज आरशात दिसते. त्यामुळे मी काही तुम्हाला कीर्तन ऐकवणार नाही.

उत्तर आधी देऊन टाकते. लॅपटॉप घेऊ नका, फोनही घेऊ नका. या चवथीत तरी नको. व्यसनाचा निवाडा करायला मी डॉक्टर नव्हे. कर्ज काढून घेत असाल, बिलं लपवत असाल, तर मिसेसचं म्हणणं खरं धरा आणि चांगल्या समुपदेशकाला भेटा. पत्रावरून तसं वाटत नाही. मला दिसतो तो एक माणूस, ज्यानं तेरा यंत्रं घरात आणली आणि एकाचंही झाकण उघडून पाहिलं नाही.

पण त्याच्याही आधी स्वयंपाकघर. दिवा जाण्याची तक्रार तुम्ही एका ओळीत लिहून 'होईल सवय' म्हणून मोकळे झालात. माझ्या लेखी अख्ख्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ ती आहे.

तुम्ही छताला तो पांढरा घुमट लावलाय ना, त्याच्या आत नखाएवढा एक तुकडा असतो. त्याला माणूस दिसत नाही. आपल्या अंगातून उष्णतेचे, म्हणजे अवरक्त, किरण सतत बाहेर पडत असतात. घुमटावर बारीक बारीक भिंगं कोरलेली असतात, त्यांच्यामुळे खोलीचे जणू पट्टे पडतात. ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की आतल्या तुकड्याला फरक जाणवतो आणि दिवा लागतो. ऊब जागच्या जागी राहिली, की त्याच्या हिशेबी खोलीत कुणीच नाही. मग ठरलेली दोन-तीन मिनिटं सरली की दिवा बंद.

आता डोळ्यांसमोर आणा. तुमची बायको जमिनीवर आदोळीपाशी, म्हणजे खोवणीच्या विळीपाशी, बसली आहे. एक पाय आदोळीच्या पाटावर, दोन्ही हातांत वाटी. अंग स्थिर, फिरतात ती फक्त मनगटं. मध्ये ओटा आडवा आला असेल तर सेन्सरला तीही दिसत नसणार. अर्धी वाटी खोवून झाली की अंधार. मग तिनं खोबऱ्यानं भरलेला हात वर करून हलवायचा, दिवा लागायचा, पुन्हा खाली वाकायचं. समोर धारदार पातं, हे विसरू नका. मे महिन्यात पंचाईत आणखी वाढते, कारण खोलीच माणसाच्या कातडीइतकी तापली की त्या तुकड्याला दोन्हींतला फरक नीट कळेनासा होतो.

तुम्ही पाच वेळा पाहिलेल्या त्या पटात काय आहे? यानातला संगणक, हॅल ९०००, बाहेर अडकलेल्या अंतराळवीरासाठी दार उघडायला नकार देतो. आवाज अगदी मृदू, अदबीचा. तुम्ही त्याचा एक धाकटा भाऊ आणून स्वयंपाकघराच्या छताला टांगलाय. अंतराळवीराला निदान पगार होता.

हा सेन्सर वाईट नाही, तुमची जागा चुकली. जिथून माणसं चालत जातात तिथं तो उत्तम: जिना, पडवी, गेटपासून घरापर्यंतची वाट. जिथं माणूस बसतो तिथं तो नको. स्वयंपाकघर, देवघर, मुलीच्या अभ्यासाचं टेबल, आणि (हे अनुभवानं सांगते) संडास. आणखी एक नियम मी माझ्या घरात पाळते. फोनवरून चालणारं प्रत्येक काम भिंतीवरच्या बटणानंही झालं पाहिजे. तुम्ही पणजीत ऑफिसात, इंटरनेट गेलेलं, फोन तुमच्या खिशात, आणि घरात पंखा लागत नाही, या अवस्थेला स्मार्ट म्हणायचं तर आमच्या आजीचा कंदील त्याहून स्मार्ट होता.

आता पटांकडे वळू, कारण तुमची खरी गोम तिथं आहे असं मला वाटतं.

तुम्ही म्हणता, त्यांत दाखवलेलं एकेक खरं होतंय. काही झालं, कबूल. १९६८च्या त्या पटात दोन अंतराळवीर जेवताना समोर सपाट पाट्या ठेवून बातम्या बघतात. आजचा टॅबलेटच तो. २०११ साली ॲपलनं सॅमसंगवर टॅबलेटच्या रूपाची नक्कल केल्याचा दावा लावला, तेव्हा सॅमसंगनं हाच प्रसंग पुरावा म्हणून कोर्टात दिला होता: बघा, ही कल्पना ॲपलच्याही आधीची आहे! पण त्याच पटात पॅन ॲम कंपनीचं विमान प्रवाशांना अंतराळात घेऊन जातं. ती कंपनी १९९१ सालीच बुडाली. चित्रफोनवर बेल या टेलिफोन कंपनीची खूण आहे, तिचे १९८४ साली तुकडे झाले. १९८२चा 'ब्लेड रनर' घ्या. गोष्ट घडते नोव्हेंबर २०१९मध्ये. उडत्या गाड्या आहेत, माणसापासून ओळखू न येणारी यंत्रमाणसं आहेत, आणि नायक नायिकेशी बोलायला जातो कुठं, तर भिंतीवरच्या चित्रफोनच्या डब्यापाशी! मोबाइल कुणाच्या डोक्यात आला नाही. खऱ्या नोव्हेंबर २०१९मध्ये आमच्या म्हापशाच्या बाजारात चणेवाल्याकडेही दोन सिमचा फोन होता. तेव्हा भाकितं मोजायचीच तर हुकलेलीही मोजा. त्या पटांच्या मागे लागून खरेदी करणं म्हणजे पंचांग बघून लॉटरी काढण्यासारखं.

पण मला दुसरंच काही दाखवायचंय. तुमचे आवडते पट आठवा आणि सांगा, त्यांत कुणी नव्या वस्तूचा खोका उघडताना दिसतं का?

'स्टार वॉर्स'चा १९७७चा पहिला पट बघा. नायक ल्यूकचा काका यंत्रमानव कुणाकडून विकत घेतो? वाळवंटात फिरणाऱ्या भंगारवाल्यांकडून. सेकंडहँड. त्यातला एक तर घेतल्या घेतल्या जागीच फुटतो, म्हणून दुसरा पत्करावा लागतो. मग ल्यूक त्याची काजळी खरवडायला बसतो, आत अडकलेलं काहीतरी उचकटायला जातो, आणि राजकन्येचा निरोप सुरू होतो. सगळी कथा तिथून. पोरगा जुन्या यंत्राची साफसफाई करायला बसला नसता तर पट अर्ध्या तासात संपला असता. आणि ते प्रसिद्ध यान? पहिल्यांदा दिसल्यावर ल्यूकच त्याला भंगार म्हणतो. पुढच्या, १९८०च्या भागात ते सारखं बंद पडत राहतं आणि शेवटी बुटका यंत्रमानवच ते दुरुस्त करतो.

२०१५चा 'द मार्शियन' पाहिला असेलच. मंगळावर एकटा पडलेला माणूस पृथ्वीशी बोलतो कशानं? वाळूत गाडलं गेलेलं पाथफाइंडर यान उकरून. खरं पाथफाइंडर मंगळावर उतरलं ४ जुलै १९९७ला आणि त्याच सप्टेंबरात गप्प झालं. तो गडी ते मेलेलं यान बाहेर काढतो, वीज देतो, आणि त्याचा फिरता कॅमेरा अक्षरांच्या पाट्यांकडे वळवून निरोप वाचतो. कॅमेऱ्याचा असा उपयोग करायचा हे कुठल्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

आणि हॅल. त्याला बंद करायची वेळ येते तेव्हा तो अंतराळवीर, बोमन, काय करतो? लाल उजेडाच्या एका अरुंद खोलीत शिरतो, हातात किल्लीसारखं एक छोटं हत्यार, आणि स्मृतीचे पारदर्शक ठोकळे एकेक करून सैल करतो. हॅलचं भान सुटत जातं आणि तो एक जुनं इंग्रजी गाणं म्हणू लागतो. ते गाणंही उगीच नाही. १९६१ साली बेल लॅब्जमध्ये आयबीएम ७०४ या संगणकाकडून तेच गाऊन घेतलं होतं. पटाचा लेखक आर्थर क्लार्क यानं ते तिथं स्वतः ऐकलं होतं. पाच वेळा पाहिलंत ना हे सगळं? पटाच्या ऐन शिखरावर एक माणूस हत्यार घेऊन संगणक उघडतोय. आणि तुमच्याकडे लॅपटॉपला दहा वर्षं झाली, पाठीमागे स्क्रू किती आहेत ते तरी ठाऊक आहे का?

मुलीच्या प्रश्नानं तुमची झोप उडाली ती म्हणूनच.

मी कॉलेजात असताना, १९८४ साली, पोस्टानं ट्रान्झिस्टरचं किट मागवलं होतं. दोन दिवस नुसती खरखर. तिसऱ्या दिवशी कळलं, एक डायोड उलटा बसलाय. सुलटा करून पुन्हा डाग दिला आणि आकाशवाणी पणजी लागलं. कोंकणी बातम्या चालू होत्या, कुठल्याशा पंचायतीच्या. त्यानंतर मी कितीतरी महागडे रेडिओ घेतले, त्यांतल्या एकाचाही पहिला कार्यक्रम आठवत नाही.

तर तुमच्या लॅपटॉपचं. तो बिघडलेला नाही. विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर मागतं आणि सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. २०१६चं यंत्र त्या यादीत बसत नाही, म्हणून नापास. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा आहे तसं वापरत राहणंही बरं नाही, त्यावरून बँकेचे व्यवहार करत असाल तर मुळीच नाही. पण ऑफिसचं टायपिंग आणि रात्रीचा पट, एवढ्यासाठी लाखाचं यंत्र? ज्या लॅपटॉपांना मायक्रोसॉफ्ट 'कोपायलट प्लस' म्हणतं त्यांच्यासाठी अट अशी, की आतल्या खास एआय-चिपनं सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करायच्या. माझा त्याला विरोध नाही, चिप सुंदर आहे. फक्त तुमच्याकडून तिला काय काम मिळणार ते मला पत्रात सापडलं नाही. बाजारयादी करायला एवढी नको.

जुन्या यंत्राला दोन औषधं. पहिलं, हार्ड डिस्क काढून तिथं एसएसडी, म्हणजे चिपांची डिस्क, बसवायची. त्या काळातले बहुतेक लॅपटॉप संथ वाटतात ते फिरत्या डिस्कमुळे. रॅम चारच जीबी असेल आणि जागा असेल तर तीही आठ करा. कुठल्या जातीची ते आतल्या पट्टीच्या लेबलावर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा. दुसरं औषध लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली. १९९१ साली हेलसिंकीच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, ते सुरू केलं आणि जाहीर करताना लिहिलं की हा आपला नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही. तुमचे फोन अँड्रॉइडचे असतील तर त्यांच्या पोटात तोच छंद चालू आहे.

नवख्याला लिनक्सचा 'मिंट' हा प्रकार सोपा. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, त्यानं डिस्कवरच्या कशालाही हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर, तुमची पटांची साइट, सगळं तपासा. इनस्क्रिप्ट मराठी कळफलक त्यात आहेच. ऑफिसच्या जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फाँटात असतील तर त्या तिथं अगम्य अक्षरांत उघडतील, पण त्या नव्या विंडोजवरही फाँटाविना तशाच उघडतात, तेव्हा लिनक्सवर रागावू नका. ऑफिसचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर मात्र लिनक्सचा बेत सोडा. तसं असेल तर मला पुन्हा लिहा, आपण वेगळा विचार करू.

हे काम दुकानात देऊ नका. रविवारी सकाळी, खाणं-पिणं आटोपल्यावर, मुलीला घेऊन बसा.

त्याआधी सगळे फोटो-कागद दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या आणि ते उघडतात याची खात्री करा. दोन म्हणजे दोन. तुमच्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ आधी एकदा पूर्ण बघा. मग लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर. टेबलावर पांढरा कागद, त्यावर लॅपटॉपची बाह्यरेषा काढायची. जो स्क्रू जिथून निघेल तो कागदावर त्याच जागी चिकटपट्टीनं चिकटवायचा. हे आळसानं टाळू नका, कारण स्क्रू सारख्या लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो थेट मदरबोर्डात घुसतो. माझ्या वर्गात दरवर्षी एकतरी हुशार मुलगा हे करायचा. झाकणाच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, जुनं एटीएम कार्ड सरकवत न्या. एकेक खटका 'टक्' करून सुटतो आणि पहिल्या टक्‌ला छातीत धस्स होतं. होऊ द्या. झाकण निघाल्यावर सगळ्यांत आधी बॅटरीची जोडणी काढायची, मग बाकीचं.

पंखा दिसेल. आपल्या हवेत त्यात सुटी धूळ नसते, ओल धरून तिची वाकळ झालेली असते. ती चिमट्यानं उचलता येते, अखंड. यंत्र तापून का ओरडत होतं ते मुलीला विचारा, तीच सांगेल. मुंग्यांची अंडीही निघतील कदाचित. आमच्या एकात निघाली होती.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. नवी एसएसडी बसवली, यंत्र सुरू झालं, जुनी सामग्री सुखरूप आहे हे पुन्हा पाहिलं, की काढलेली हार्ड डिस्क तिच्या हातात द्या. उघडली की ती कायमची मेली, कारण आत धूळ शिरते, तेव्हा घाई नको. तिचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे असतात, त्यांना टॉर्क्सचा छोटा ड्रायव्हर लागतो. सगळे काढूनही झाकण हलेना तर एक लेबलाखाली दडलेला असतो, बोटानं दाबून शोधायचा. झाकण निघालं की आत आरसा. खराखुरा, चेहरा दिसेल असा. लॅपटॉपातल्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात, वाकवायला गेलात तर चुरा होईल. ती तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घ्यायची, म्हणजे सेकंदाला ९०, आणि तिच्यावरून ते बारीक टोक टेकल्याशिवाय तरंगत जायचं. मधलं अंतर इतकं कमी, की माणसाचा केस त्याहून हजारो पटींनी जाड. तुमचे लग्नाचे फोटो, तिचे बारशाचे फोटो, त्या आरशावर उत्तर-दक्षिण अशा चुंबकी खुणांनी लिहिलेले होते. मग तिला नवी एसएसडी दाखवा, जिच्यात फिरणारं काहीच नाही, आणि तिचा पुढचा प्रश्न काय येतो ते बघा. उत्तर आलं नाही तर 'गूगल कर' म्हणू नका, 'चल, शोधूया' म्हणा. डिस्कमधली चुंबकं काढताना बोटं सांभाळा, चिमटा जबरदस्त बसतो. फ्रिजवर कागद लावायला आयुष्यभर पुरतात.

एक तातडीची गोष्ट राहिली, ती मजेची नाही. आज घरी गेल्यावर कपाट उघडा आणि ड्रोनची बॅटरी बाहेर काढा. तो पोफळीवर आपटलाय, आणि आपटलेली लिथियम बॅटरी कपड्यांच्या कपाटात ठेवायची नसते. फुगलेली, चेमटलेली किंवा गोडसर वास मारणारी दिसली तर चार्ज करू नका, टोचू नका, दाबू नका. मातीच्या कुंडीत, वाळू घालून, घराबाहेर पावसाच्या आडोशाला ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे पोचवा. घंटागाडीत मुळीच टाकू नका. वर्षभर खोक्यात पडलेला हेडसेट, जुने फोन, ई-रीडर यांच्याही बॅटऱ्या बघून घ्या. न वापरता ठेवायच्या तर साधारण अर्ध्या चार्जवर ठेवाव्यात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघाव्यात. पूर्ण रिकाम्या करून ठेवल्या तर मरतात, पूर्ण भरून उकाड्यात ठेवल्या तर लवकर म्हाताऱ्या होतात.

पावसाचे दिवस आहेत म्हणून आणखी एक. गडगडाट सुरू झाला की आपण प्लग काढतो आणि निर्धास्त होतो. एका ऑक्टोबरात मीही काढला होता, राउटरचा. पण बाहेरून येणारी टेलिफोनची तार तशीच होती. वीज त्या वाटेनं आली आणि राउटर घेऊन गेली, जाताना त्याला लॅन केबलनं जोडलेल्या संगणकाचा पोर्टही नेला. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाईच्या घरात हे झालं, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तांब्याची प्रत्येक तार काढायची.

घडीच्या फोनबद्दल काय सांगू? तुम्ही फोन खिशात घालून मिरामारच्या वाळूत बसणारे. बिजागरी आणि वाळू यांचं कधी पटलेलं नाही. पुढे.

गोदामाचा निकाल तुम्हीच लावा. महिनाभर खोक्यांवर तारखा घाला, ज्यानं ज्या दिवशी काम केलं त्या दिवशी खूण. महिन्यानंतर ज्यांवर खूण नसेल ती गरजूला द्या, नाहीतर विका. ड्रोन मेहुण्याला देऊ नका, त्याच्या पोफळींचा जीव जाईल. रात्रीचे पट मात्र चालू ठेवा. ते सोडायला मी कधीच सांगणार नाही, मीही बघते. आठवड्यातून एक रात्र त्यातला एखादा तिघांनी मिळून बघा, आणि कुठला ते मिसेसना ठरवू द्या. कदाचित हॅलशी तिचं तुमच्यापेक्षा जास्त जमेल, तिला त्याचा अनुभव आहे.

सेन्सर स्वतः काढू नका, छताची वायर २३० व्होल्टची असते. वायरमनला बोलवा, मेन बंद करायला लावा, दहा मिनिटांचं काम आहे. चवथीच्या नेवऱ्यांचे नारळ फुटायच्या आधी झालं पाहिजे. साधं बटण नेमकं कुठं हवं, किती उंचीवर, ते तिलाच विचारा. आणि पुढच्या पत्रात मॉडेल नंबर नकोत, तिचं नाव लिहा.